वटवाघळं वाटून खात नाहीत

निसर्गाकडून काहीतरी शिका असं सांगणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. मुंग्यांकडून शिस्त शिका, मधमाश्यांकडून टीमवर्क शिका, लांडग्यांकडून लीडरशिप शिका. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसमधल्या एका ट्रेनिंगमध्ये या यादीत वटवाघळांची भर पडली. बाहेरून आलेल्या सल्लागाराने स्लाइड लावली. फुलासमोर हवेत तरंगणारं गोजिरवाणं वटवाघूळ, आणि खाली मजकूर: उष्ण कटिबंधातल्या जंगलांत चार-चार जातींची वटवाघळं त्याच त्या फुलांमधला मकरंद न भांडता वाटून घेतात, मग आपल्या टीम्सना एक बजेट वाटून घेता येत नाही? टाळ्या पडल्या, समोसे आले, सेशन संपलं.

मी एका डिलिव्हरी ॲपसाठी डिस्पॅचचा कोड लिहितो. कुठली ऑर्डर कुठल्या रायडरकडे जाणार हे ठरवणारा भाग. त्यामुळे ‘वाटणी’ हा शब्द कुणी सैलपणे वापरला की मला राहवत नाही. वाटणी व्हायला एक ढीग लागतो, तो अख्खा ढीग दिसणारं कुणीतरी लागतं, आणि एवढं तुझं, एवढं माझं हे ठरावं लागतं. भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा तलाठी असतो, मोजणीवाला असतो, चार वडीलधारी माणसं असतात, आणि तरीही डोकी फुटतात. जंगलात तलाठी नाही. सर्व्हर तर नाहीच नाही. आणि तिथे जे चालतं त्याला वाटणी म्हणण्याने फक्त भाषेचं नुकसान होत नाही.

कारण वाटणी म्हटली की तिच्यामागून एक हिशेब गुपचूप आत येतो. ढीग निम्मा झाला तर प्रत्येकाचा वाटा निम्मा होईल. जरा ओढाताण होईल, पण राहतील सगळे. जंगलातून रस्ता काढताना, माळावर प्लॉट पाडताना, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कुठेतरी दुसरीकडे रोपं लावताना हाच हिशेब मांडला जातो. बेरीज जुळली की काम झालं. मकरंदावर जगणाऱ्या वटवाघळांबद्दल गेल्या पन्नासेक वर्षांत जे कळलंय ते या हिशेबाच्या पार विरुद्ध जातं, आणि म्हणूनच ती स्लाइड मला नुसती बावळट वाटली नाही, धोकादायक वाटली.

आधी ही वटवाघळं कोण, ते सांगतो. आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की वडापिंपळाला काळ्या छत्र्यांसारखी लटकलेली मोठी फळखाऊ, नाहीतर किल्ल्यातल्या अंधाऱ्या कोठीत फडफडणारी किडेखाऊ. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ती फक्त अमेरिका खंडांत सापडणाऱ्या, नाकावर पानासारखा पडदा असलेल्या कुळातली. बहुतेकांचं वजन आठ-दहा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं जास्त. मुस्कट लांब, जीभ त्याहून लांब. फुलासमोर हवेतच एका जागी थांबायचं, एखाद्या सेकंदात जीभ घालून मकरंद ओढायचा, पुढच्या फुलाकडे पळायचं. एका रात्रीत अशा शेकडो भेटी. (मकरंद पिणारी वटवाघळं आशियातही आहेत, पण ती वेगळ्या कुळातली. दोघांनी हा धंदा स्वतंत्रपणे सुरू केला.)

शेकडो भेटी कशाला, तर यांच्याकडे बचत म्हणून फारसं काही नसतं. २००७ साली ख्रिस्तियान फोग्ट आणि जॉन स्पीकमन यांनी ग्लॉसोफागा सोरिसिना या जातीच्या वटवाघळांवर दाखवलं, की ती जी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण ८० टक्के नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून थेट येते. चरबीत साठवा, मग काढा, असला मधला टप्पाच जवळपास नाही. हातावर पोट हा वाक्प्रचार इतका शब्दशः लागू पडणारा प्राणी मला दुसरा माहीत नाही. आणि हवेत एका जागी फडफडत थांबणं हा उडण्याचा सगळ्यात महागडा प्रकार. म्हणजे जेवण मिळवण्याचा खर्च अफाट, आणि उधारीची सोय नाही.

आता जागा. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, कॅरिबियन समुद्राच्या बाजूच्या सखल भागात, सारापिकी नावाच्या परगण्यात ला सेल्वा हे संशोधन केंद्र आहे. साधारण १६०० हेक्टर जंगल, वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस. १९६८ पासून उष्ण कटिबंधीय अभ्यासासाठीची एक आंतरविद्यापीठीय संस्था ते चालवते. या जंगलावर जितके शोधनिबंध निघालेत तितके फार कमी जंगलांच्या वाट्याला येतात. मार्को चापका या जर्मन संशोधकाने इथल्या मकरंदभोजी वटवाघळांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्याचा २००४ सालचा निबंध या सगळ्या वादाचा गाभा आहे.

ला सेल्वामध्ये अशा चार जाती मिळतात. नावं जिभेला जड आहेत, एकदाच सांगतो आणि मग छोटी करतो: ग्लॉसोफागा कमिसारिसी, हायलोनिक्टेरिस अंडरवुडी, लिकोनिक्टेरिस ऑब्स्क्युरा आणि लोंकोफिला रोबस्टा. वरवर पाहिलं तर ती स्लाइड बरोबर वाटेल. चौघांची खाण्याची जागा एक, वेळ एक, आणि फुलंही बरीचशी तीच. मग भांडण का नाही?

चापकाने केलेली गोष्ट माझ्यासारख्या माणसाला लगेच पटणारी आहे. कोण कुठल्या फुलावर जातं एवढीच यादी करून तो थांबला नाही. कुठल्या महिन्यात वटवाघळांची किती फुलं उमलतात, प्रत्येकात किती मकरंद असतो, त्यात साखर किती, हे मोजून त्याने एका हेक्टरमागे एका रात्रीत किती ऊर्जा उपलब्ध आहे असा आकडा काढला. हा आकडा वर्षभर सारखा नसतो. काही महिने सुकाळ, काही महिने कडकी. आणि या चढउतारावर चार जाती ठेवून बघितल्या की वाटणीची गोष्ट ढासळते.

लोंकोफिला चौघांत थोराड, पंधरा ग्रॅमच्या आसपास. ती ला सेल्वामध्ये मकरंदाचा सुकाळ असेल तेव्हाच दिसते. लिकोनिक्टेरिसही तशीच, हंगामी पाहुणी. ग्लॉसोफागा बारा महिने राहते, पण कडकीत ती मकरंदाचा नाद सोडून फळांकडे वळते. आणि बारकी हायलोनिक्टेरिस बारा महिने राहून बारा महिने मकरंदच पिते, कारण तिची एकूण गरजच इतकी कमी आहे की पातळ पसरलेल्या फुलांतूनही तिचं भागतं.

नीट बघा इथे काय झालं. कडकीत कुणाचाही वाटा कमी झाला नाही. दोघी निघून गेल्या, एकीने धंदा बदलला, एक उरली. प्रत्येकीचा एक तळ आहे. हेक्टरमागे इतकी ऊर्जा असेल तर इथे फुलं शोधत उडणं परवडतं, त्याखाली गेलं की नाही परवडत. तळाच्या वर असताना लोंकोफिला आहे, तळाच्या खाली गेलं की लोंकोफिला नाही. अर्धी लोंकोफिला असा प्रकार नसतो. दोन फुलांमधलं अंतर वाढलं की प्रत्येक घोटामागचा उडण्याचा खर्च वाढतो, आणि एका बिंदूनंतर तुम्ही पिताय त्यापेक्षा जाळताय जास्त. त्या बिंदूपलीकडे काटकसर, समजूतदारपणा, मिळून-मिसळून राहणं यातलं काहीच कामाला येत नाही. आमच्याकडे रायडर मंडळी हे गणित पेट्रोलच्या भाषेत करतात. एका ऑर्डरसाठी सात किलोमीटर जायचं असेल तर ती ऑर्डर ‘कमी फायद्याची’ नसते, ती तोट्याची असते.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. मोठ्या खाणाऱ्या निघून गेल्या की उरलेल्यांच्या वाट्याला सरासरी जास्त येऊ शकतं. म्हणजे जंगल बिघडत असताना ‘प्रति वटवाघूळ उपलब्ध मकरंद’ असा एखादा डॅशबोर्ड कुणी लावलाच, तर त्यावरची रेघ छान सपाट दिसेल, कदाचित वरही जाईल. जो गेला तो सरासरीत नसतो. आमच्या डॅशबोर्डवरही ‘सक्रिय रायडरची सरासरी कमाई’ असते. ज्याने काम सोडलं तो सक्रिय नसतो, त्यामुळे त्याचा शून्य कुठेच मोजला जात नाही. हे मी मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की हा ‘वेगळा मेट्रिक’ आहे. असेल.

आता ‘न भांडता’ या शब्दाकडे येऊ.

फुलातला मकरंद प्यायला की फूल रिकामं होतं, आणि बाहेरून ते बहुतेकदा तसंच दिसतं. दुसरं वटवाघूळ वीस मिनिटांनी तिथे येतं, हवेत थांबतं, जीभ घालतं, थेंबही मिळत नाही. त्याला कुणी मारलं नाही, हाकललं नाही, दात दाखवले नाहीत. फक्त त्याची एक महागडी फेरी वाया गेली. भांडण झालंय, समोरासमोर झालेलं नाही इतकंच. म्हणून या वटवाघळांचं डोकं अशा हिशेबाला तरबेज झालंय. यॉर्क विंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत संगणकाने चालणारी कृत्रिम फुलं लावून दाखवलं, की ग्लॉसोफागा वटवाघळं डझनावारी फुलांच्या जागा लक्षात ठेवतात आणि एकाच रात्रीत आपण कुठली फुलं पिऊन झालो तिथे परत जायचं टाळतात. पण दुसऱ्याने काय प्यायलं ते यांच्या डोक्यात कसं असणार? माझ्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाची कॅश स्वतंत्र आहे आणि ती सतत शिळी होत असते. शेअर्ड डेटाबेस नाही. शिळी कॅश घेऊन शेकडो जण एकाच डेटावर लिहीत असतील तर त्याला आम्ही ‘सहकार्य’ म्हणत नाही, रात्री तीन वाजता फोन येतो.

आणि समोरासमोरचं भांडण होतच नाही असंही नाही. ते कधी होतं, हे महत्त्वाचं. कोलंबियात थॉमस लेम्की यांनी १९८४ साली अगेव्ह म्हणजे घायपाताच्या जातीतल्या झाडावर येणाऱ्या ग्लॉसोफागा सोरिसिनाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. घायपाताचा तो उंच दांडा तुम्ही माळरानावर, रेल्वेच्या कडेला पाहिला असेल. एका जागी भरपूर फुलं. अशा ठिकाणी ही ‘शांतताप्रिय’ वटवाघळं आपलं झाड राखताना आणि दुसऱ्यांना हुसकावताना दिसली. मकरंद तुटपुंजा असला की तीच वटवाघळं राखण सोडून फेरीवाल्यासारखी या फुलावरून त्या फुलावर हिंडत. अगदी अलीकडे बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात विंटरच्या गटाने हेच प्रयोगशाळेत तपासलं: फुलं एकत्र गोळा करून ठेवली की काही नर ती जागा धरून बसतात आणि इतरांना पळवून लावतात.

म्हणजे शांतता स्वभावात नाही, ती फुलांच्या पसरण्यात आहे. विखुरलेलं राखता येत नाही, म्हणून कुणी राखत नाही. पसारा गोळा करा, दादागिरी सुरू. वटवाघळं तीच.

स्लाइडवाल्यांना उत्तर देताना काहीजण दुसरं टोक गाठतात, तेही मला मान्य नाही. जीवशास्त्र शिकलेली मंडळी म्हणतात, वाटणी नाही हे कबूल, पण निसर्गाने प्रत्येकाला आपापला कोपरा नेमून दिलेला असतो. एक जीभ, एक फूल. याला एक देखणा दाखला नेहमी दिला जातो. इक्वाडोरच्या ढगाळ डोंगरजंगलात अनूरा फिस्टुलाटा नावाचं वटवाघूळ २००५ साली विज्ञानाला कळलं. त्याची जीभ साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे शरीराच्या लांबीच्या दीडपट. तोंडात मावणारच नाही, म्हणून ती छातीच्या पिंजऱ्यात, हृदय आणि उरोस्थी यांच्यामध्ये ठेवलेली असते. नेथन मुच्छाला या संशोधकाने २००६ मध्ये हे दाखवलं. सेंट्रोपोगोन निग्रिकान्स या झाडाचं नळीसारखं फूल आठ-नऊ सेंटिमीटर खोल असतं आणि त्याच्या तळाशी पोचणारं वटवाघूळ हे एकच. कुलूप आणि किल्ली. फोटो काढून रील करावी असं उदाहरण.

पण हे उदाहरण लक्षात राहतं ते अपवाद आहे म्हणून. ला सेल्वामध्ये अशी कुलपं नाहीत. तिथे जिभा वेगळ्या आहेत, अगदी यंत्रं म्हणूनही वेगळ्या. ग्लॉसोफागाच्या जिभेच्या टोकावर केसांसारखे तंतू असतात. २०१३ साली वेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं की जीभ बाहेर पडताच त्यांत रक्त भरतं, ते ताठ उभे राहतात आणि जीभ फरशी पुसायच्या मॉपसारखी मकरंद उचलते. लोंकोफिलाच्या जिभेवर असे केस नाहीत, कडेने दोन पन्हळी आहेत. ती जीभ मकरंदात बुडवूनच ठेवते आणि पन्हळीतून रस वर चढत जातो, मॉपऐवजी पंप. चापका आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ मध्ये मांडलं. यंत्रं दोन, पण दोन्ही एकाच फुलात शिरतात. कोपरे नेमून दिलेले नाहीत.

उष्ण कटिबंधातल्या नीटनेटकेपणाचा मोह किती जुना आहे त्याचा एक किस्सा याच ला सेल्वाचा. १९७७ साली गॅरी स्टाइल्स यांनी मांडलं की इथली हमिंगबर्डसाठी फुलणारी झाडं एकमेकांशी स्पर्धा टाळण्यासाठी वर्षभरात पाळीपाळीने फुलतात. सगळ्यांना आवडलं. १९७९ मध्ये पूल आणि रॅथकी यांनी तोच डेटा घेऊन साधा प्रश्न विचारला: तारखा चिठ्ठ्या टाकून काढल्या असत्या तर यापेक्षा वेगळं दिसलं असतं का? त्यांच्या हिशेबात फुलण्याच्या तारखा समान अंतरावर पसरलेल्या नव्हत्या, उलट गोळा झालेल्या होत्या. तो वाद पुढे चालू राहिला, पण चिठ्ठ्यांचा प्रश्न विचारायची सवय तेव्हापासून लागली. ट्रेनिंग देणाऱ्यांना अजून लागलेली नाही.

खरी मजा मला वाटते फुलांच्या बाजूने. आपण ‘फुलांमधला मकरंद’ म्हणताना फूल हे अन्नछत्र धरतो. फूल अन्नछत्र नाही, फूल मालक आहे, आणि कंजूष मालक आहे. ला सेल्वामध्ये मुकुना होल्टोनी नावाचा वेल आहे, आपल्या खाजकुइलीचाच भाऊबंद. त्याचं फूल पहिल्यांदा वटवाघूळ तोंड खुपसतं तेव्हा अक्षरशः फुटतं आणि परागकण वटवाघळाच्या पाठीमागच्या बाजूला उडवतं. भरघोस मकरंद त्या पहिल्या ग्राहकाला. नंतर येणाऱ्यांना किरकोळ. न फुटलेल्या फुलाची वरची पाकळी आरशासारखी वाकलेली असते आणि वटवाघळाने सोडलेला आवाज ती जोरकसपणे परत फेकते, म्हणजे अंधारातली पाटीच: माल ताजा आहे. डागमार आणि ओटो फॉन हेल्वर्सन यांनी त्या पाकळीत कापूस कोंबला तेव्हा वटवाघळांच्या फेऱ्या धाडकन खाली आल्या. १९९९ सालचा निबंध आहे, आणि प्रयोगाचा सगळा खर्च म्हणजे कापूस आणि जागरण.

२०१७ चा एक प्रयोग तर आमच्या लोकांनी लिहिल्यासारखा आहे. व्लादिस्लाव नाचेव, यॉर्क विंटर आणि सहकाऱ्यांनी ला सेल्वाच्या जंगलात संगणकाने चालणारी फुलं लावली. प्रत्येक फुलाला संगणकातला एक जनुकसंच. त्यावरून मकरंद किती गोड द्यायचा हे ठरणार. रानातली खरी वटवाघळं ज्या फुलांना जास्त भेटी देतील त्यांची ‘बीजं’ पुढच्या पिढीत. जेनेटिक अल्गोरिदम, आणि फिटनेस फंक्शन म्हणून जिवंत वटवाघूळ! निकाल असा की पिढ्यांमागून पिढ्या मकरंद पातळ होत गेला, वटवाघळांना जास्त गोड आवडत असूनही. कारण आवड असणं वेगळं आणि फरक कळणं वेगळं. साखर दहा टक्क्यांवरून वीस झाली तर जिभेला कळतं. पन्नासावरून साठ झाली तर जवळजवळ नाही. न कळणाऱ्या फरकासाठी फुलाने साखर का खर्चावी? ग्राहकाला जेवढं कळतं त्याच्या जेमतेम वर मालाचा दर्जा ठेवायचा, हे चहाच्या टपरीपासून मोबाइल डेटापर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं तत्त्व रानात परागकणांसाठी चालतं.

आणि फुलंही वटवाघळांसाठी आपसात स्पर्धा करतात. मुच्छाला यांनीच इक्वाडोरमधल्या बुर्मायस्टेरा या वनस्पतीच्या जातींवर दाखवलं की एकाच वटवाघळाच्या डोक्यावर वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या जागी पराग लावतात. कुणी कपाळावर, कुणी मुस्कटाकडे. म्हणजे माझा पराग तुझ्या फुलात जाऊन वाया जायला नको. आठ-दहा ग्रॅमच्या जिवाच्या डोक्यावर राखीव प्लॉट पाडलेत. यालाही कुणीतरी ‘शेअरिंग’ म्हणेल.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगण्याचं कारण केळी.

ला सेल्वाच्या भोवती, सारापिकी भर, केळी आणि अननसाची अफाट लागवड आहे. केळ हे मूळचं आशियातलं, आणि रानटी केळींच्या कित्येक जातींना परागीभवनासाठी वटवाघळंच लागतात. केळफूल निवडायला बसलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या फण्यांना चिकट गोडसर रस असतो. तो अमेरिकेतल्या ग्लॉसोफागालाही आवडतो. म्हणजे बघा, वाटणीवाल्या हिशेबाने किती उत्तम झालं! जंगल गेलं असेल, पण मकरंद वाढला. बारा महिने, रांगेत, हेक्टरच्या हेक्टर. कडकीचा महिनाच नाही.

प्रिस्किला अल्पीसार आणि चापका यांच्या गटाने या बागांतल्या वटवाघळांचा अभ्यास करून २०२० आणि २०२१ मध्ये निबंध लिहिले. बागेत चरणाऱ्या वटवाघळांचा आहार साधा-एकसुरी झालेला. जंगलातल्यांपेक्षा ती वजनाने जास्त भरली. आणि रसायनं वापरून केलेल्या, फक्त केळी असलेल्या बागांतल्या वटवाघळांच्या आतड्यांतली सूक्ष्मजीवांची विविधता कमी झालेली, जी सेंद्रिय बागांत आणि जंगलात टिकून होती. त्यातल्या एका निबंधाच्या शीर्षकातच या केळीला शेतीतलं फास्ट फूड म्हटलंय, आणि रोज रात्री ॲपवरून वडापाव मागवणाऱ्या आपल्या पिढीला त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आता एक बाजू अजून बघा. बाजारात येणारं केळं बिनबियांचं. त्याला परागीभवन लागतच नाही. वटवाघूळ रात्रभर राबून, डोक्यावर पराग माखून, पोट भरून घरी जातं आणि एकाही बीचं काम झालेलं नसतं. त्या रात्री जंगलातली मुकुना न फुटता राहिली तर तिची बी नाही. बेरजेत मात्र सगळं ठीक. मकरंद: भरपूर. वटवाघूळ: वजनदार.

आणि कुठलं वटवाघूळ? ग्लॉसोफागा. कडकीत फळांकडे वळणाऱ्या त्या जातीचंच भाऊबंद, ज्याला काहीही चालतं. एकाच प्रकारचं अन्न कितीही ओतलं तरी ते कुणातरी एकाच्या सोयीचं असणार आणि तो एक म्हणजे बहुधा कुठेही जमवून घेणारा असणार, हा माझा तर्क आहे आणि मी त्यावर ठाम आहे. चार जाती एका जंगलात राहतात ते मकरंद ‘पुरेसा’ असतो म्हणून नाही. तो कुठे दाट, कुठे विरळ, कधी महापूर, कधी ठिबक, कुणासाठी खोल, कुणासाठी उथळ असतो म्हणून. सुकाळात लोंकोफिलाचं फावतं, दुष्काळात हायलोनिक्टेरिसचं. ही असमानता सपाट केली की, मग ती तोडून करा नाहीतर भरभरून देऊन करा, चारांचा एक होतो.

मला विचारलं जातं, ठीक आहे, लोंकोफिला कडकीत ला सेल्वातून जातेच ना, मग जाईल दुसरीकडे, पंख आहेत तिला. हाच प्रश्न मला या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो, कारण ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे हे कुणीतरी राखून ठेवावं लागतं. हंगामी पाहुण्याचं जंगल एक नसतं, वर्षभराच्या बेरजेचं असतं, आणि त्यातला एक तुकडा गळला की बाकीचे तुकडे जागेवर असूनही त्याचा मुक्काम संपतो. झाडं मोजणाऱ्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नसतो.

कोस्टा रिकात निदान एका ठिकाणी तो भरला गेला. १९८६ मध्ये ला सेल्वाच्या दक्षिणेकडून डोंगरापर्यंतची जंगलाची पट्टी ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाला जोडण्यात आली. त्यामुळे समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ मीटर उंचीवरच्या सखल रानापासून बार्वा ज्वालामुखीच्या २९०० मीटर उंच माथ्यापर्यंत सलग झाडी राहिली. फोनवर नकाशा उघडा, उपग्रहाचं दृश्य लावा आणि सारापिकी शोधा. डोंगराकडून खाली उतरलेलं एक गडद हिरवं बोट दिसेल, टोकाला ला सेल्वा. दोन्ही बाजूंना फिकट, पट्टीने आखलेले चौकोन आहेत. ते केळी आणि अननस.